गणपती ते शिमगा : परदेशवारीच्या कपड्यांच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२५, मालवण

मुलाकडे एडिनबरोला जाण्याचा बेत आता पक्का झाला आहे. गौरी-गणपती पोचवून निघायचे आणि शिमग्याच्या आत घरी परतायचे, ही आमची अट मुलाने तिकिटे काढतानाच मान्य केली. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर एका खेपेस सहा महिन्यांपर्यंत राहता येत असल्याने हा काळ त्यात बसतोही. कपड्यांच्या दृष्टीने मात्र यापेक्षा अडचणीचा काळ शोधूनही सापडला नसता. येथून निघू तेव्हा पाऊस असेल. तेथे उतरू तेव्हा दिवसा १६-१७ अंश असतील, म्हणजे आमच्या हिशेबाने कडाक्याची थंडी आणि त्यांच्या हिशेबाने सुखाचे दिवस. डिसेंबर-जानेवारीत पारा दिवसा ६-७ अंशांवर राहील व रात्री शून्याजवळ जाईल, आणि फेब्रुवारीअखेर मुंबईत पाय ठेवू तेव्हा तिशी ओलांडलेली असेल.

आमच्या तिकिटावर माणशी २३ किलोची एक बॅग आणि हातात ७ किलो, एवढे वजन मिळते. रिकाम्या बॅगेचेच वजन चार किलो भरते. कोकम, मालवणी मसाला, कुळथाचे पीठ आणि सूनबाईंनी सांगितलेल्या इतर जिनसा यांना सात-आठ किलो द्यावेच लागतील. उरलेल्या अकरा-बारा किलोंत एका माणसाचे सर्व कपडे बसवायचे असल्याने प्रत्येक ऋतूचा वेगळा गठ्ठा बांधणे शक्य नाही. कामाचा पाया म्हणून तूर्त एवढेच ठरवले आहे की, जो कपडा निदान दोन ऋतूंत अंगावर चढणार नाही, तो बॅगेत जाणार नाही.

१३ जुलै

कपडे कमी नेले म्हणजे ते वारंवार धुवावे लागणार, आणि तेथे ते घरातच वाळवावे लागणार, असे मुलाने कळवले आहे. त्यामुळे कपडा किती ऊब देतो याआधी तो किती वेळात वाळतो, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटले. या चाचणीसाठी आषाढातल्या पडवीइतकी सोयीची जागा नाही. बाहेर अखंड पाऊस, हवेत आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि उन्हाचा पत्ता नाही. येथे जे वाळेल ते कोठेही वाळेल.

संध्याकाळी सर्व कपडे धुऊन, हाताने पिळून, पंखा न लावता दोरीवर घातले. पॉलिएस्टर मिसळलेली पँट आणि फ्लीसचे, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाचे, जाकीट सकाळी अंगावर घालता येतील इतके कोरडे होते. मेरिनो लोकरीचा पातळ बनियन दुपारपर्यंत वाळला. सुती सदऱ्याने पुढचा दिवसही घेतला. जीन्सची गत सर्वांत वाईट झाली. मांड्यांपाशी ती वरवर कोरडी लागत होती, परंतु कंबरपट्टीत आणि खिशांच्या आतल्या दुहेरी कापडात बोट घातले तर तिसऱ्या दिवशीही ओल हाताला लागे, आणि तोवर तिला तो ओळखीचा आंबूस वास सुटलेला होता. स्वयंपाकघरातील काट्यावर कोरड्या जीन्सचे वजन ७४० ग्रॅम भरले, तर त्या पँटचे ३६०. जीन्स यादीतून गेली.

सुती कपड्याला थंडीत लोक का नावे ठेवतात, हेही यातून उलगडते. अंगाला ऊब देते ती कापडाच्या धाग्यांत अडकलेली हवा. कापूस घाम शोषतो, त्या हवेच्या जागी पाणी भरते आणि पाणी हवेच्या सुमारे चोवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी बाष्परूप ओल धाग्याच्या पोटात घेते आणि तरीही त्वचेला ओली लागत नाही. पॉलिएस्टर ओल घेतच नाही, म्हणून लवकर वाळते, पण त्याला घामाचा वास दुसऱ्याच दिवशी चिकटतो. यावरून अंगालगत मेरिनो, त्यावर नेहमीचा कपडा, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जर्किन, असे चार थर निश्चित केले. सप्टेंबरात दुसरा आणि चौथा थर पुरावा, जानेवारीत चारही लागतील, आणि घरात असताना मधला एखादा काढता येईल.

पेटीतला हातविणीचा जाड स्वेटर बाहेर काढून पाहिला. तो ९०० ग्रॅम भरतो, काखेपाशी कसर लागलेली आहे आणि तो एक तर पूर्ण घालायचा किंवा पूर्ण काढायचा, मधली सोय नाही. तेवढ्याच वजनात दोन पातळ लोकरी बनियन आणि एक फ्लीस येते. स्वेटर पेटीतच राहील.

२७ जुलै

पावसाबद्दल आम्हा कोकणातल्या माणसांना कोणी शिकवू नये असे वाटते, परंतु आकडे पाहिल्यावर हा प्रश्न वेगळाच निघाला. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांतच कोसळतो. एडिनबरोत वर्षभरात सातशेच्या थोडा वर पडतो, पण तो बारा महिने थोडाथोडा, थंडगार आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. आमच्या पावसात भिजले तरी घरी येऊन अंग पुसले की काम भागते. तेथे भिजलेल्या अंगाने बसची वाट पाहणे हाच खरा धोका आहे. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही असे मुलगा सांगतो, म्हणून ती वगळून टोपीवाल्या जर्किनवर भर दिला.

रबर लावलेल्या जलरोधक कापडाचे पेटंट चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ मध्ये घेतले. ते ग्लासगोचे, म्हणजे एडिनबरोच्या शेजारचेच. मात्र त्या कापडाचा दोष आपल्या बाजारातल्या रेनकोटात आजही आहे : बाहेरचे पाणी आत येत नाही आणि आतला घामही बाहेर जात नाही, त्यामुळे चढ चढून आलेला माणूस आतूनच भिजतो. हल्लीच्या चांगल्या जर्किनमध्ये जो पातळ पडदा असतो, त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाला पुरत नाहीत, पण बाष्पाला पुरतात. घरातली दोन जर्किने घालून मी पडवीबाहेर पागोळ्यांखाली उभा राहिलो. शेजाऱ्यांनी काय तर्क केला असेल तो असो, पण पहिल्या जर्किनच्या खांद्यावरील शिवणीतून पाणी झिरपले आणि दुसऱ्याच्या नाही, कारण त्याच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे. पिशवीवरील चिठ्ठीत दोन्ही ‘वॉटरप्रूफ’च आहेत. घेताना चिठ्ठी वाचण्यापेक्षा कपडा उलटा करून शिवण पाहावी.

१० ऑगस्ट

कोल्हापूरला जाऊन बुटांचे काम केले. आयुष्यभर चपलेत राहिलेला पाय पुढे रुंद असतो, आणि त्यात जाड पायमोजे घालायचे असल्याने नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा, घोटा झाकणारा जोड घेतला. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घालून पाहावेत, हा दुकानदाराचा सल्ला योग्य होता. एडिनबरोच्या जुन्या गावठाणात रस्ते दगडी फरसबंदीचे असून ओले झाल्यावर निसरडे होतात, त्यामुळे रंगरूपापेक्षा तळाची नक्षी पाहूनच निवड केली. निघेपर्यंत रोज बाजारात हेच बूट घालून जायचे, म्हणजे ते पायाला सरावतील.

१७ ऑगस्ट

सौ.च्या कपड्यांचा विषय माझ्या कपड्यांइतका सरळ नाही, कारण ती रोज साडी नेसते आणि केवळ थंडी आहे म्हणून हे बदलण्याची तिची तयारी नाही. तिची बाजू मला पटते. सहा महिने परक्या घरातल्यासारखे राहायचे असेल तर जायचेच कशाला? म्हणून साडीला थंडीजोगी करणे हेच काम हाती घेतले.

साडीच्या अंगभूत अडचणी तीन दिशांनी येतात. वरून पाठ आणि दंड उघडे राहतात, खालून वारा शिरतो आणि काठ ओल्या जमिनीवरून पाणी शोषून घेतो, जे निऱ्यांमधून वर चढत गुडघ्यापर्यंत येते. पहिल्या अडचणीवर बाजारपेठेतल्या शिंप्याने पूर्ण बाह्यांचे, कमरेपर्यंत लांब असे दोन ब्लाउज शिवण्याची तयारी दाखवली, परंतु लोकरी होजियरीचे कापड ताणले जाते आणि त्याच्या मशीनवर शिवण सुरकुतते. अखेर बंद गळ्याचे दोन पातळ मेरिनो टॉप मागवले आणि तेच ब्लाउज म्हणून वापरायचे ठरले. खालून लोकरी लेगिंग, त्यावर परकर. येथे एक बारीक गोष्ट प्रत्यक्ष नेसल्याशिवाय लक्षात आली नसती : लेगिंगचे इलॅस्टिक, परकराची नाडी आणि निऱ्यांचा जुडगा हे तिन्ही कमरेला एकाच जागी आले की बसताना पोटात रुतते. यावर तिने परकराला नाडीऐवजी चार बोटे रुंदीची कापडी पट्टी लावून घेतली आणि निऱ्या थोड्या बाजूला खोचल्या. साडी घोट्याच्या वर चार बोटे नेसायची, म्हणजे काठ बुटाला लागत नाही.

साड्यांतही पडवीची कसोटी लावली. सुती साडी ५८० ग्रॅम भरली, खळ मागते आणि इस्त्रीशिवाय नेसवत नाही. जॉर्जेटची ४०० ग्रॅमच्या आत राहिली आणि रात्रीत वाळली. रोजच्यासाठी जॉर्जेट व क्रेप, दिवाळीसाठी एक रेशमी, आणि प्रवासासाठी दोन पंजाबी ड्रेस, एवढ्यावर ती आली. पंजाबी ड्रेस तिने आपणहून घेतले, मी काही बोललो नव्हतो.

२७ ऑगस्ट

आज चतुर्थी. गौरी जाईपर्यंत काम बंद.

५ सप्टेंबर

श्रावणाअखेर आणि गणपतीत जी थोडी उन्हे मिळाली, त्यांत सर्व लोकरी कपड्यांना ऊन दाखवून घेतले होते. आज बॅगा भरल्या. कापड हाताला कोरडे लागते म्हणून ते कोरडे असतेच असे नाही, आणि या हवेत बंद केलेली ओल प्रवासातच बुरशी धरते. म्हणून कपडे इस्त्रीखालून काढून, पुरते निवल्यावर भरले आणि प्रत्येक बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. हवा काढून दाबायच्या प्लॅस्टिक पिशव्यांचा पुष्कळ लोक आग्रह करतात. त्यांनी जागा वाचते, वजन तसूभरही कमी होत नाही, आणि आमची मर्यादा वजनाची आहे. शिवाय त्यात ओल राहिली तर ती तेथेच कोंडते. आम्ही त्या वापरल्या नाहीत. डांबरगोळ्याही नाहीत, कारण तो वास घेऊन महिनोन् महिने परदेशी वावरण्यापेक्षा वाळ्याची जुडी आणि कापडात बांधलेल्या लवंगा बऱ्या. लोकर व रेशीम धुण्यासाठी रिठ्याची पूड मात्र घेतली.

मोठा ओव्हरकोट येथून न्यायचा नाही, यावर मी ठाम आहे. तो एकटाच दोन किलो खातो, येथील दुकानांत मिळतो तो मनालीच्या सहलीसाठी बनवलेला असतो, आणि नोव्हेंबरपर्यंत त्याची गरजही नाही. या विषयी नातेवाइकांचा सल्ला उलट होता आणि तो भरपूर मिळाला.

हातातल्या बॅगेत दोघांचा एकेक पूर्ण लोकरी जोड, पायमोजे, कानटोपी आणि औषधे ठेवली आहेत, कारण मोठी बॅग मागे राहिली तरी पहिले दोन दिवस निभावले पाहिजेत. बूट, फ्लीस आणि जर्किन अंगावरच जातील. शेजारच्या काकींनी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणून दिल्या होत्या, त्या परत केल्या. त्यातील तेलामुळे खोबरे ज्वलनशील समजले जाते आणि विमानात नेऊ देत नाहीत. बॅगेत तेवढी जागा अचानक मोकळी झाल्याने सौ.ची आणखी एक साडी आत गेली. लटकत्या काट्यावर तिची बॅग २२.४ आणि माझी २१.८ भरली. कुडाळ स्टेशनावर पाऊस असणारच, म्हणून बॅगेच्या आत आधी मोठी प्लॅस्टिक पिशवी अंथरून त्यात सर्व कपडे घातले आहेत. बाहेरचे आवरण गळाले तरी आतले कोरडे राहतात.

१२ सप्टेंबर, एडिनबरो

पोचलो. बॅगा आल्या, आतले सर्व कोरडे. मुंबईच्या उकाड्यात जाड बूट घालून रांगेत उभे राहण्याचे दुःख वगळता तक्रार नाही. येथे उन्हात लोक अर्ध्या बाह्यांनी हिंडत आहेत. आम्ही तीन थरांत.

५ ऑक्टोबर

थरांची रचना अपेक्षेप्रमाणे चालते आहे, आणि तिचा उपयोग बाहेरच्यापेक्षा आत अधिक आहे. बस, दुकाने आणि वाचनालये तापवलेली असतात. बाहेर १० अंशांत चालून आलेला माणूस आत १९-२० अंशांत शिरतो आणि पाच मिनिटांत घामाघूम होतो. येथील लोक दारातच बटणे सोडतात. हे पाहिल्यावर डोक्यातून घालायचे कपडे कमी आणि पुढून उघडणारे अधिक, असा नियम मी आमच्या पद्धतीत जोडला. जी फ्लीस पुढे चेनची आहे, तीच रोज वापरली जाते.

आज कोटाचे काम झाले. या शहरात धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकाने वस्तीवस्तीत आहेत. लोक वापरलेले पण धडके कपडे तेथे देतात आणि विक्रीचे पैसे संस्थेच्या कामाला जातात. सूनबाईंनी सौ.साठी गुडघ्याखाली येणारा, आतून कृत्रिम भरणाचा कोट शोधून ठेवला होता. “दुसऱ्याचो कोट माका नको,” असे म्हणून तिने तो हातात घेण्याचेही नाकारले. सूनबाईंनी वाद न घालता कोट घरी आणला, धुतला आणि दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवला. संध्याकाळी वारा सुटल्यावर सौ. तो घालून खाली गेली आणि परत आल्यावर त्याला खिसे खोल आहेत एवढेच म्हणाली. किंमत नव्याच्या चौथाईपेक्षाही कमी पडली. पिसांच्या भरणाचा कोट जास्त हलका आणि उबदार असतो हे खरे, पण पिसे भिजली की गोळा होऊन बसतात, आणि या शहराच्या पावसात कृत्रिम भरणच सोयीचे.

२६ ऑक्टोबर

आज पहाटे घड्याळे एक तास मागे गेली. दिवाळीला सौ. रेशमी साडी, आतून लोकरी टॉप आणि वरून कोट अशी गेली. कोट काढल्यावर टॉपचा रंग साडीशी जुळत होता, ही काळजी तिने मालवणातच घेतलेली असल्याचे मला तेव्हा कळले. कमरेची रुंद पट्टी उत्तम चालली आहे.

२१ डिसेंबर

वर्षातला सर्वांत लहान दिवस. हे शहर सुमारे ५६ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवला आणि पावणेचारच्या आत मावळला. पारा खाली जाण्यापेक्षा वाऱ्याचा त्रास अधिक होतो. ४ अंश तापमान आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २ अंशांसारखे लागते, असे हवामानशास्त्राचे सूत्र सांगते, आणि समुद्राकडच्या रस्त्यावर ते गालांनाही कळते. अशा वेळी जाड कपड्यापेक्षा फटी बुजवणे महत्त्वाचे ठरते : मनगट, मान, घोटा. येथे घेतलेल्या वस्तूंत सर्वांत उपयोगी ठरला तो गळ्याभोवतीचा लोकरी पट्टा. तो मफलरसारखा सुटत नाही आणि वर ओढला की कानांपर्यंत जातो. हातमोजे येथेच घ्यावेत. मालवणातून आणलेल्या विणीच्या मोज्यांतून वारा सरळ आरपार जातो.

१८ जानेवारी २०२६

कपडे वाळवण्यासाठी या जुन्या दगडी घरात छताला लाकडी दांड्यांची चौकट टांगलेली आहे. दोरी सोडली की ती खाली येते, कपडे घालून पुन्हा वर ओढायची. उष्ण हवा वर जात असल्याने वाळतातही बरे. परंतु ओल जाणार कोठे? खिडकीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागले आणि ते पाहताच सौ.ने “ह्यां आपल्याच घरातला” असे म्हटले. तिने लगेच आमचा पावसाळी शिरस्ता लावला : कपडे दाटीने न घालता बोटभर अंतर ठेवणे, भिंतीला टेकलेले कपाट पुढे ओढणे, वाळत घातल्यावर थोडा वेळ खिडकी किलकिली ठेवणे. मुलाला खिडकीतून जाणाऱ्या उबेचे पैसे दिसत होते, पण आठवडाभरात काचांवरचे पाणी कमी झाल्यावर तो काही बोलला नाही. कमी कपड्यांत भागते आहे ते या वाळवणीमुळेच. पडवीत नापास झालेला कोणताही कपडा येथे ओझे झाला असता.

१५ फेब्रुवारी

परतीच्या बॅगा. सौ.चा कोट आणि माझे जाड जर्किन सूनबाईंनी ठेवून घेतले आहे. पुढच्या खेपेस उपयोगी पडेल, आणि मालवणच्या हवेत कृत्रिम भरणाला वास लागायला एक पावसाळा पुरतो. पायमोजे, थकलेली फ्लीस आणि लेगिंग धुऊन धर्मादाय संस्थेच्या त्याच दुकानाला जातील. लोकरी बनियन आणि टॉप मात्र आम्ही नेणार आहोत. रिठ्यात धुतल्यावर ते नव्यासारखे झाले आहेत. हातातल्या बॅगेत या वेळी सर्वांत वर एक सुती सदरा, पातळ पँट, एक सुती ड्रेस आणि चपला ठेवल्या, कारण मुंबईत उतरल्यावर विमानतळावरच बदलायचे आहे.

२७ फेब्रुवारी, मालवण

शिमग्याआधी पोचलो. लोकरी कपडे दोन दिवस कडक उन्हात उलटे करून घातले, शिवणी झटकल्या आणि कोरड्या पत्र्याच्या डब्यात वाळ्यासह बंद केले. कसर स्वच्छ लोकरीपेक्षा घाम आणि अन्नाचा डाग राहिलेल्या जागी आधी लागते, म्हणून काखा व गळे दुसऱ्यांदा धुऊन घेतले होते. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस येण्याआधी, डबा एकदा उघडून सिलिका जेलच्या पुड्या तापवून बदलायच्या आहेत. त्यानंतर झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावून तो माळ्याऐवजी स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर, शेगडीच्या बाजूला राहील.